दुसऱ्याच्या वहीतले आपले खाते

पत अहवाल म्हणजे माणसाच्या कर्जव्यवहाराची खतावणी. फरक इतकाच की ती तो स्वतः लिहीत नाही. बँका, गृहकर्ज कंपन्या, क्रेडिट कार्डवाले आणि हप्त्यावर वस्तू देणाऱ्या वित्तसंस्था ठरावीक काळाने माहिती पाठवतात, पतमाहिती कंपनी ती एकत्र लावते, आणि माणूस कर्ज मागायला बँकेत पोचण्याआधी त्याची खतावणी तिथल्या टेबलावर पोचलेली असते. भारतात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. यांतली पहिली 2000 साली निघाली. त्यामुळे वनस्पती तुपाला जसे डालडा, तसे या सगळ्या प्रकाराला गावोगाव ‘सिबिल’ हेच नाव पडले. 2005 च्या कायद्याने या व्यवसायाला चौकट घातली. पुढे 1 सप्टेंबर 2016 रोजी रिझर्व्ह बँकेने आदेश काढला, आणि 1 जानेवारी 2017 पासून ज्याच्या नावे काही नोंद आहे अशा प्रत्येक व्यक्तीला प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल, गुणांकासह, फुकट द्यायचा असे ठरले. कंपन्या चार, म्हणजे वर्षाला अहवाल चार. खर्च शून्य.

तरीही हा अहवाल मागवून बघणे म्हणजे रिकामटेकडेपणा, अशी समजूत पक्की आहे. शिरूर तालुक्यातले तळेगाव ढमढेरे घेतले तरी तिचा ठसा दिसतो. गावाच्या एका अंगाला शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगाव हा कारखान्यांचा पट्टा, दुसऱ्या अंगाला न्हावऱ्याकडे जाणारा उसाचा नि कांद्याचा मुलूख. अशा गावात कर्जाचा कोणता प्रकार नाही? सोसायटीचे पीककर्ज आहे, बँकेचा ट्रॅक्टर आहे, पतसंस्थेचे सोनेतारण आहे, बायकांच्या गटांना दारात येऊन मिळणारे कर्ज आहे, आणि कंपनीत कंत्राटावर लागलेल्या पोराचा हप्त्यावरचा मोबाइल आहे. एका घरात यांतले तीन प्रकार सहज सापडतात. पण त्या घराचा अहवाल त्या घरातल्या कोणीच पाहिलेला नसतो.

का पाहिलेला नसतो, याचे उत्तर तयार असते. सिबिल हे बँकांनी गरिबाला दारातून परत पाठवण्यासाठी शोधलेले निमित्त आहे. ज्याने बुडवले त्याने ते बघावे, आपण कुणाचे चार आणे देणे लागत नाही. शिवाय सरकारने सिबिल मागायला बंदीच केली आहे. बघितले की आकडा उतरतो. फुकट म्हणून बघायला जावे तर कर्जवाल्यांचे फोन सुरू होतात. चूक सापडलीच, तर मुंबईच्या कंपनीशी भांडायला कोण जाणार? पूर्वी माणसाच्या शब्दावर व्यवहार चालत, तेच बरे होते.

यातले प्रत्येक वाक्य छातीठोकपणे बोलले जाते आणि जवळजवळ प्रत्येक चुकीचे आहे. सुरुवात शेवटच्या वाक्यापासून करणे सोयीचे, कारण त्याचे उत्तर याच तालुक्याने दीडशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे.

शिरूर तालुक्यातल्या करडे गावी डिसेंबर 1874 मध्ये काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध कोर्टाचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांच्या घरावर टाच आणली. गाव चिडले, सावकारांवर बहिष्कार पडला, त्यांच्याकडचे काम बंद झाले. ही चीड पसरत गेली आणि 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात तिचा भडका उडाला. इतिहासाच्या पुस्तकात याला दख्खनचे दंगे म्हणतात. पुढे चौकशी आयोग बसला. त्याने नोंदवलेली एक गोष्ट फार बोलकी आहे. जमावाला माणसे मारायची नव्हती, त्याला सावकाराच्या घरातले कर्जरोखे आणि हुकूमनामे हवे होते. ते हाती आले की जाळले जात, आणि जिथे सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले तिथे बहुधा मारहाणीची वेळच येत नसे.

कागदावर एवढा राग कशासाठी? त्या कागदात काय लिहिले आहे ते कर्जदाराला ठाऊक नसे, म्हणून. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याला तीन वर्षांचे आयुष्य दिले. हेतू कर्जदाराला वाचवण्याचा होता. झाले असे की दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि थकलेले व्याज मुद्दलात जाऊन बसू लागले. कुणब्याने खाली नांगराची निशाणी करायची. वरचा मजकूर सावकाराचा, आकडा सावकाराचा, भरलेल्या रकमेची पावती नाही आणि वही बघायला मागण्याची प्राज्ञा नाही. ‘शब्दावर चालणारा व्यवहार’ म्हणून ज्याचे गोडवे गायले जातात, तो हा. शब्द कर्जदाराचा होता आणि वही सावकाराची, आणि कोर्टात शब्द कधी उभा राहिला नाही. वही राहिली.

दंग्यानंतर 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यात जमिनीच्या जप्तीबद्दलच्या मोठ्या तरतुदी होत्या. त्यांच्या मागे काही साध्या कलमांची रांगही होती, तिच्याकडे कोणी फारसे बघत नाही: भरलेल्या पैशाची लेखी पावती मागण्याचा हक्क, वर्षाचा हिशेब लिहून मागण्याचा हक्क, पासबुक मागण्याचा हक्क. जे मिळत नाही म्हणून करडे आणि सुपे पेटले, ते कागदावर आले. आजचा वार्षिक फुकट अहवाल त्या कलमांचाच वंशज आहे. तो घरबसल्या मिळतो आणि त्यासाठी कोणाचे घर जाळावे लागत नाही. पणजोबाने ज्या वहीसाठी लाठ्या खाल्ल्या ती वही पणतूच्या खिशातल्या मोबाइलवर येऊ शकते, आणि पणतू म्हणतो, बघून काय करायचे?

आता ‘आपण कुणाचे चार आणे देणे लागत नाही’ या अभिमानाकडे. हा अभिमान खरा असेलही. पण अहवालात फक्त घेतलेले कर्ज दिसते असे कोणी सांगितले? जामीन राहिलेले कर्जही दिसते. गावात जामीनकी नाकारणे म्हणजे भाऊबंदकीला निमंत्रण, त्यामुळे चुलतभावाच्या ट्रॅक्टरला, शेजाऱ्याच्या गोठ्याला, मित्राच्या टेम्पोला सही करून माणूस मोकळा होतो. तो मोकळा झालेला नसतो. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. मित्राने टेम्पोचे हप्ते थकवले तर त्याची खूण जामीनदाराच्या अहवालात उमटते, आणि मित्र ही बातमी द्यायला येत नाही. चार वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी बँकेत गेल्यावर साहेब संगणकाकडे बघून मान हलवतो, तेव्हा पहिल्यांदा कळते. ‘मी कर्ज घेतलेच नाही’ हे वाक्य तिथे खरे असते आणि निरुपयोगी असते.

ज्याने जामीनकीही केली नाही त्याचे काय? त्याने निदान पॅन आणि आधारची झेरॉक्स तरी कोणाला दिलेली असतेच. ठेकेदाराला दिली, सिम घेताना दिली, अनुदानाचा फॉर्म भरणाऱ्याला दिली. 2022 मध्ये अभिनेता राजकुमार राव याने जाहीरपणे सांगितले की त्याच्या पॅनवर कोणीतरी 2,500 रुपयांचे कर्ज उचलले आणि त्यामुळे त्याचा गुणांक घसरला. ज्याचे नाव देशभर माहीत आहे त्याच्या नावावर अडीच हजार उचलता येतात, तर कंत्राटी कामगाराच्या नावावर उचलायला किती धाडस लागणार?

याहून मोठे उदाहरण मराठवाड्यातले आहे. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या एका खासगी साखर कारखान्यासंदर्भात 2017 मध्ये गुन्हा दाखल झाला. आरोप असा की ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यांची कागदपत्रे वापरून त्यांच्या नावे बँकांकडून परस्पर कर्जे उचलली गेली. प्रकरण पुढे सक्तवसुली संचालनालयापर्यंत गेले. त्याचा निकाल काय लागायचा तो न्यायालयात लागेल. इथे महत्त्वाची गोष्ट एवढीच की अनेक शेतकऱ्यांना आपल्या नावे कर्ज आहे हे बँकेची नोटीस हाती पडल्यावर कळले. नोटीस ही कर्जाच्या गोष्टीतली शेवटची पायरी असते. अहवालात खाते उघडल्याची तारीख पहिल्या काही आठवड्यांत येऊन बसलेली असते. कर्ज न घेणाऱ्या माणसाला अहवालाची गरज सर्वात जास्त असते, कारण कर्ज घेणाऱ्याला निदान आपल्या नावे काय आहे ते माहीत तरी असते.

‘सरकारने बंदी केली आहे’ हा युक्तिवाद सर्वात लाडका आहे आणि सर्वात पोकळ. मे 2025 मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीककर्जासाठी शेतकऱ्यांकडे सिबिल मागू नका, मागणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करू, असे बजावले. टाळ्या पडल्या, बातम्या झाल्या. पण बजावले ते पीककर्जापुरते. विहीर, पाइपलाइन, ट्रॅक्टर, शेडनेट, घर, दुचाकी, शिक्षण यांतले काहीही त्यात येत नाही, आणि तळेगावच्या शेतकऱ्याचे आयुष्य सोसायटीच्या पीककर्जावर संपत नाही. त्यातही ‘मागणे’ या क्रियापदातच घोळ आहे. बँक सिबिल मागत नाही, ती ते बघते. शेतकऱ्याने पिशवीत घालून आणायचा तो दाखला नव्हे. अर्जावर सही झाली की बँक तो स्वतःच काढते. पाहून झाल्यावर नाही म्हणायचे असेल तर कारण म्हणून ‘सिबिल’ हा शब्द कशाला उच्चारायला हवा? ‘साहेब रजेवर आहेत’ हे कारण कोणत्याही परिपत्रकात बसते. ज्या कागदावरून निर्णय होतो तो शेतकऱ्याने वाचू नये आणि बँकेने वाचला तरी त्याचे नाव घेऊ नये, एवढीच या बंदीची कमाई. याला संरक्षण म्हणायचे असेल तर 1874 चा सावकारही वही दाखवत नव्हता.

रिझर्व्ह बँकेने कर्जासाठी किमान गुणांक ठरवून दिलेला नाही, आणि पहिल्यांदाच कर्ज घेणाऱ्याला केवळ पूर्वीची नोंद नाही म्हणून नाकारू नये, हे केंद्र सरकारने 2025 मध्ये संसदेत स्पष्ट केले आहे. ही माहिती बंदीच्या घोषणेपेक्षा किती तरी उपयोगाची. पण ती वापरायची तर आपल्या नावे नोंद आहे की नाही, हे आधी माहीत हवे.

बंदीचा जुळा भाऊ म्हणजे ‘सातबारा कोरा’. 2008 ची केंद्राची कर्जमाफी, 2017 ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, 2019 ची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना: दर वेळी सातबारा कोरा झाल्याचे जाहीर झाले. सातबारा आणि पत अहवाल हे दोन वेगळे कागद आहेत, हे मात्र कोणी जाहीर केले नाही. 2017 च्या योजनेत दीड लाखांवरच्या थकबाकीदारांसाठी एकवेळ समझोता होता, म्हणजे वरची रक्कम शेतकऱ्याने भरायची आणि दीड लाख सरकारने. समझोता हा शब्द गावात समाधानाचा आहे. अहवालात ‘सेटल्ड’ हा शब्द लागला तर त्याचा अर्थ निराळा होतो: या माणसाकडून पूर्ण पैसे आले नाहीत, तडजोडीत खाते मिटवावे लागले. पतमाहिती कंपन्या किमान सात वर्षांचा इतिहास जपतात. माफीची पेढेवाटणी विसरली जाते, हा शब्द राहतो. सरकारने पूर्ण रक्कम भरूनही बँकेने खाते बंद झाल्याचे कळवलेच नाही, असा प्रकार असेल तर ती सरळ चूक आहे आणि दुरुस्त होऊ शकते. पण कोणती खूण लागली आहे हे न बघता कसे कळणार?

इथे गावकऱ्याच्या वागण्यातली विसंगती बघण्यासारखी आहे. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातला बँकेचा बोजा उतरवण्यासाठी हाच माणूस तलाठ्याकडे दहा खेटे घालतो, बँकेकडून पत्र आणतो, फेरफार मंजूर होईपर्यंत मंडल अधिकाऱ्याची वाट बघतो, आणि बोजा उतरलेला डिजिटल सातबारा 15 रुपये भरून डाउनलोड करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो. सोसायटीचा निल दाखला तो लग्नपत्रिकेइतका जपतो. हे तो शहाणपणानेच करतो, कारण जुना बोजा आडवा आलेला त्याने पाहिला आहे. पत अहवाल हा माणसाचा सातबारा आहे, जमिनीऐवजी त्याच्या स्वतःच्या नावाचा, आणि त्याचाही बोजा उतरवून घ्यावा लागतो. 15 रुपयांच्या उताऱ्यासाठी रांग लावणारा माणूस फुकटच्या उताऱ्याला ‘भानगड’ म्हणतो.

‘बघितले की आकडा उतरतो’ या समजुतीला एका वाक्यात निकालात काढता येते: स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांकावर काहीही परिणाम होत नाही. परिणाम होतो तो कर्ज देणाऱ्याने चौकशी केल्यावर, आणि तोही विशेषकरून लागोपाठ अनेकांनी केल्यावर. गंमत अशी की आकडा उतरेल म्हणून अहवाल न बघणारा माणूस दिवाळीत फ्रिजसाठी चार दुकानांत, दोन अ‍ॅपवर आणि एका एजंटाकडे कागदपत्रे देऊन येतो. त्या सातही चौकशा तारखेसह अहवालात येऊन बसतात. आरशात बघितल्याने तोंड खराब होत नाही, हे एरवी सगळ्यांना पटते.

फुकटाबद्दलच्या संशयात मात्र थोडे तथ्य आहे, तेवढे मान्य करायला हवे. ‘सिबिल फ्री में चेक करें’ म्हणणारी अ‍ॅप्स ही बहुतेक कर्जाची दुकाने असतात. तिथे गुणांक हे गळाला लावलेले आमिष असते आणि अटी न वाचता दिलेली परवानगी हा मासा. त्यानंतर फोन येणारच. पण गळाला आमिष लावतात म्हणून नदीचे पाणी पिणे कोणी सोडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाचा वार्षिक अहवाल पतमाहिती कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मिळतो. त्याला पॅन, जन्मतारीख, मोबाइलवरचा ओटीपी आणि ओळख पटवणारे चार प्रश्न पुरतात. डेबिट कार्डाचा नंबर लागत नाही. तो विचारला जात असेल तर माणूस चुकून पैसे भरण्याच्या पानावर गेलेला आहे. या कंपन्यांच्या पानांवर पैसे घेऊन देण्याच्या योजना ठसठशीत असतात आणि फुकटाची जागा शोधावी लागते, हेही खरे. दुकानदार फुकटचा माल काउंटरवर मांडत नाही, हे बाजारात वाढलेल्या माणसाला नव्याने शिकवायला हवे काय? शोधून काढायला पाच मिनिटे लागतात.

‘ज्याने बुडवले त्याने बघावे’ म्हणणाऱ्यांचे आणखी एक गृहीत असे की हा अहवाल फक्त बँकेचा कर्जविभाग वाचतो. तेही आता राहिलेले नाही. बँकांच्या भरती परीक्षांच्या जाहिरातींत उमेदवाराचा पतइतिहास निकोप असावा अशी अट येऊ लागली आहे. स्टेट बँकेने प्रतिकूल पत अहवालावरून एका निवड झालेल्या उमेदवाराची नेमणूक रद्द केली आणि 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती कारवाई योग्य ठरवली. शिक्रापूरच्या अभ्यासिकेत बँकिंगची पुस्तके घेऊन बसलेल्या मुलाने गणित आणि इंग्रजीची तयारी करावीच. पण कॉलेजात असताना हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलचे शेवटचे दोन हप्ते काय झाले, हेही त्याला माहीत हवे. फेब्रुवारी 2025 मध्ये तर विदर्भातल्या मूर्तिजापूरची बातमी गाजली: नवऱ्या मुलाचे सिबिल पाहून वधूपक्षाने ठरत आलेले लग्न मोडले. हा प्रकार चांगला की वाईट, यावर चर्चा करता येईल. मुलीच्या मामाने अहवाल वाचला आणि नवऱ्या मुलाला आपल्याच अहवालाचा पत्ता नाही, अशी वेळ आली तर ती कशी दिसेल, यावर चर्चेला जागा नाही.

बायकांच्या गटकर्जाचा मुद्दा या सगळ्यात कोणी काढत नाही, कारण कर्ज बाईच्या नावे असले तरी सिबिल हा पुरुषांच्या कट्ट्यावरचा विषय मानला जातो. रिझर्व्ह बँकेच्या 14 मार्च 2022 च्या चौकटीनुसार वार्षिक उत्पन्न 3 लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाचे विनातारण कर्ज हे सूक्ष्मवित्त, आणि कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाता कामा नयेत. ही बेरीज करताना वित्तसंस्था पत अहवाल वाचते. फेडून झालेले कर्ज तिथे अजून चालू दिसत असेल तर त्याचा हप्ता निम्म्याच्या बेरजेत धरला जातो आणि बाईला नवे कर्ज नाकारले जाते. तिने शेवटचा हप्ता वेळेवर, सगळ्या गटासमोर भरलेला असतो. त्याचा उपयोग शून्य. या वर्गाच्या नोंदी क्रिफ हाय मार्ककडे पहिल्यापासून मोठ्या प्रमाणात आहेत. म्हणूनच ‘मी सिबिल बघितले, ठीक आहे’ म्हणणाऱ्याने चारांपैकी एकच वही पाहिलेली असते. उलट बाजूने, गावातल्या पतसंस्थेचे कर्ज यांतल्या एकाही वहीत दिसेलच असे नाही. तिथला चांगला व्यवहार बँकेच्या नजरेला पडत नाही, ही एक वेगळी अडचण आहे.

अहवाल बहुधा इंग्रजीत येतो. हा दोष आहे, आणि ज्या राज्यात सातबारा मराठीत मिळतो तिथे ही खतावणी मराठीत का नाही, हा प्रश्न कंपन्यांना विचारलाच पाहिजे. पण इंग्रजी येत नाही म्हणून अहवाल न बघणे हे कारण नव्हे. त्यात कादंबरी नसते. वर नाव, पॅन, जन्मतारीख, पत्ते आणि मोबाइल नंबर असतात. अनोळखी पत्ता किंवा नंबर दिसला तर तिथेच थांबावे. मग एकेक खाते: देणारी संस्था, रक्कम, उघडल्याची आणि बंद झाल्याची तारीख, शिल्लक, थकबाकी, आणि ते खाते स्वतःचे, संयुक्त की जामिनाचे. त्याखाली महिन्यामहिन्याचे चौकोन, सुमारे तीन वर्षांचे, आणि प्रत्येकात हप्ता किती दिवस उशिरा गेला तो आकडा. शून्ये असली की बरे. शेवटी कोणी कधी चौकशी केली त्याची यादी. बारावीतल्या मुलीला शेजारी बसवले तर अर्ध्या तासात सगळे वाचून होते. 300 ते 900 मधला गुणांक, ज्याच्यावर कट्ट्यावर सगळी चर्चा होते, तो या मजकुराचा नुसता सारांश असतो. सारांशावर वाद घालायचा आणि मजकूर वाचायचा नाही, ही सवय फक्त सिबिलपुरती नाही, पण इथे ती महागात पडते.

राहता राहिला ‘भांडायला कोण जाणार’ हा शेवटचा बुरूज. तक्रार कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट करता येते. कर्जसंस्था आणि पतमाहिती कंपनी मिळून 30 दिवसांत ती निकालात काढायची असते. त्यात संस्थेने पहिल्या 21 दिवसांत सुधारित माहिती द्यायची. 30 दिवस उलटले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. हा नियम रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2023 मध्ये काढला आणि 26 एप्रिल 2024 पासून लागू केला. त्याच आदेशाने अहवाल कोणी उघडला की ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेल पाठवणे कंपन्यांना, आणि दुरुस्ती नाकारली तर कारण सांगणे संस्थांना बंधनकारक झाले. 1 सप्टेंबर 2022 पासून पतमाहिती कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत आहेत. त्याच्याकडे वकील लागत नाही, फी नाही आणि मुंबईला जावे लागत नाही. 1 जानेवारी 2025 पासून बँकांनी माहिती महिन्याऐवजी पंधरवड्याने पाठवायची असे ठरले, म्हणजे चूक जशी लवकर उमटते तशी दुरुस्तीही. हे सगळे यंत्र नेहमी तेल घातल्यासारखे चालते असे नाही. पहिल्या तक्रारीला ‘नोंद बरोबर आहे’ एवढेच छापील उत्तर येऊ शकते आणि पुन्हा लिहावे लागते. पण ज्या माणसाने वाटणीच्या दाव्यासाठी शिरूरच्या कोर्टात पंधरा वर्षे तारखा केल्या त्याने तीस दिवसांच्या तक्रारीला ‘कोण भांडणार’ म्हणावे, हे जरा अजब आहे.

तक्रार न करण्यातून एक धंदा मात्र उभा राहिला आहे. ‘सिबिल क्लिअर करून मिळेल’ असे फलक आणि मेसेज जागोजागी दिसतात. नोंद चुकीची असेल तर ती मालकाला फुकट दुरुस्त करता येते. नोंद खरी असेल तर ती कोणताही एजंट पुसू शकत नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये एजंटाने पैसे घेण्यासारखी जागाच उरत नाही, तरी तो हजारांत घेतो, वर पॅन, आधार आणि ओटीपीही घेतो. ‘बघून काय करायचे’ म्हणणारा माणूस शेवटी याच दारात जाऊन बसतो. 1875 च्या जमावाला निदान एक सोय होती: रोख्याची प्रत एकच असे आणि ती जळली की काम संपे. आजच्या नोंदीच्या प्रती चार कंपन्यांकडे आणि ज्यांनी ज्यांनी त्या मागवल्या त्या प्रत्येक बँकेकडे आहेत. त्या जाळता येत नाहीत, त्यांच्यावर बहिष्कार टाकता येत नाही आणि मुख्यमंत्र्यांच्या तंबीने त्या कोऱ्या होत नाहीत. त्या वाचता येतात आणि चुकल्या असतील तर खोडून लिहायला लावता येतात. फुकट अहवालाचे हे वर्ष जानेवारीत सुरू होते, आणि 31 डिसेंबरपर्यंत न मागितलेला अहवाल पुढच्या वर्षाच्या खात्यात जमा होत नाही.